सुक्या माशाच्या धुळीतले आत्मे

"आला गं, आला! छातीशी बघ!"

सगळी वखार ओरडली. भिंतीवरच्या पडद्यावर सोल्फ्रिडचा ताजा फोटो होता आणि तिच्याभोवती पांढुरके गोळे तरंगत होते, चंद्राची पिल्लं सांडावीत तसे.

"समुद्राने नेलेली माणसं ही, लेकरांनो," आत्मे बोलावणारा ऐलर्ट डोळे मिटून म्हणाला. छोटा कॅमेरा त्याच्या गळ्यात ताइतासारखा लटकत होता. "हा मोठा गोळा तुझा नवरा, सोल्फ्रिड. म्हणतोय, मी आलोय ना, आता सुई कशाला?"

सोल्फ्रिड सव्वीस वर्षांची, लहानपणापासून मधुमेहाची. तिने पिशवीतलं इन्शुलिन काढून त्याच्या पायाशी ठेवलं. लोक रडले. मी नाही रडले.

दोन हिवाळ्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने, गुनवोरने, याच पायांशी इन्शुलिन ठेवलं होतं. नवव्या दिवशी आम्ही तिला पुरलं. "श्रद्धा कमी पडली तिची," ऐलर्ट कबरीपाशी म्हणाला.

त्याच आठवड्यात मी कॅमेरा घेतला आणि गावच्या फोटो-मंडळात नाव घातलं. वर्षभर माझे फोटो हलले, काळवंडले. मग एकदा घरी सुका कॉड मासा मोगरीने कुटता कुटता मांजराचा फोटो काढला, तर मांजराभोवती आत्मे! मंडळातल्या टोर्मोड मास्तरांना दाखवला.

"धूळ आहे ही, माशाची," ते म्हणाले. "फ्लॅश भिंगाला चिकटून असला की भिंगापुढचा कण उजळतो. फार जवळचा, म्हणून धूसर होऊन फुगतो. फ्लॅश हातभर बाजूला धर. नवशिक्यांची चूक आहे."

नवशिक्यांची चूक! ऐलर्टच्या बैठकीत आधी प्रत्येकाने बुडालेल्यांच्या नावाने मासा कुटायचा, मगच फोटो. आमचं रोजचं खाणं, त्याने त्याचा विधी केला होता.

आज मी उठले. "ऐलर्ट, मीही एक काढते."

"श्रद्धा आहे का?"

"नाही. वेगळा फ्लॅश आहे."

तारेने जोडलेला फ्लॅश कॅमेऱ्यापासून हातभर दूर धरून मी सोल्फ्रिडचा फोटो काढला. पडद्यावर एकटी सोल्फ्रिड.

"घाबरले तुला!" ऐलर्ट खेकसला.

"मग बोलावते परत." त्याच्या नाकाखाली मी मासा दणदण कुटला, कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश उडवला. रिकाम्या खुर्चीवर सात आत्मे. ऐलर्टभोवती अकरा. "तुला न्यायला गर्दी झालीय. जा की!"

म्हातारा हाल्वर पुटपुटला, "दोन वर्षं मी माशाच्या भुग्याला बाबा म्हणत होतो."

सोल्फ्रिडने विचारलं, "मग माझा नवरा?"

"तो समुद्रात आहे गं. गुनवोर मातीत आहे. तू इथे आहेस. टोच ती सुई."

सगळ्यांदेखत तिने टोचली.

बायाबापड्यांनो, गेलेल्यांसाठी पोटभर रडा. पण कुणी चमत्कार दाखवला, तर गुडघे टेकण्याआधी उजेड कुठून येतोय ते बघा. औषध कुणी सोडायला सांगितलं, तर त्यालाच सोडा.

ऐलर्ट पुढच्याच बोटीने पळाला. अकरा गोळ्यांचा त्याचा फोटो मी मोठा करून बंदरोबंदरी पाठवलाय. खाली लिहिलंय, 'माशाची धूळ', आणि गुनवोरचं नाव. तो ज्या बंदरात उतरतो, तिथल्या धक्क्यावर तो फोटो आधीच लागलेला असतो.