तीन नंबरच्या पडद्याची किल्ली

माझ्या भावाला सिनेमा काढता येतो, खपवता येत नाही. हे मी त्याची थोरली बहीण म्हणून सांगते, आणि खपवण्याचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं म्हणूनही सांगते.

सिनेमा आमच्या आईवर होता. आई कपडे दुरुस्त करते. पँट आखूड करणं, बाह्या उसवून सैल करणं, चेन बदलणं. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात ती, तिचं मशीन आणि वर्षभर कोपऱ्यात कॅमेरा घेऊन बसलेला आमचा धाकटा. एका वितरकाला तो सिनेमा आवडलाही. फक्त आई आमच्या गेलेल्या बाबांचा जुना कोट उसवून धाकट्याच्या मापाचा करते, तो लांबलचक भाग काढून टाका म्हणाला. त्यात काही घडतच नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय सगळे हक्क त्याचे. म्हणजे आपलाच सिनेमा कुठे लागणार, लागणार की नाही, हे आपण त्यालाच जाऊन विचारायचं. त्याला सोमवारी उत्तर हवं होतं.

आईचा कौल वितरकाच्या बाजूने. "मग काप की," ती म्हणाली. "लांब झालं तर कापतातच." तिने सिनेमा पाहिलेला नव्हता. स्वतःला काय बघायचं, घरात आरसा आहे, एवढं बोलून ती मोकळी.

धाकट्याने ठरवलं, आपला आपणच लावायचा. इंटरनेटवर टाकावा तर त्या गर्दीत त्याला विचारतो कोण. प्रोजेक्टर घेऊन वाचनालयं आणि क्लब हिंडावेत तर गाडी माझी आणि कंबरही माझी. शेवटी थिएटरातला सर्वांत लहान, तीन नंबरचा पडदा रविवार सकाळसाठी भाड्याने घेतला. लोक आले आणि शेवटपर्यंत टिकले, तर असंच एकेका गावी लावत जायचं. उठून गेले, तर सोमवारी मुकाट सही करायची. हे कबूल करताना त्याचं तोंड इतकं उतरलं की मीच विषय बदलला.

मी पोस्टर लावले, ओळखीच्यांना फोन करून वीट आणला. तिकिटं काही हलेनात. मग एकदम धडाधड खपायला लागली. चौकशी केली तेव्हा कळलं, आई दुरुस्त केलेल्या प्रत्येक कपड्याच्या खिशात सिनेमाची चिठ्ठी टाचत होती. मी तिला म्हटलं, तू तर वितरकाच्या बाजूची ना? पोराने हॉल घेतलाय, तो रिकामा कसा ठेवायचा, म्हणाली.

रविवारी तीन नंबरच्या दुप्पट गर्दी बघून थिएटरची मॅनेजर इतकी खूश झाली की तिने आम्हाला आपण होऊन एक नंबरचा मोठा हॉल दिला, त्याच भाड्यात. लोक बसले. दिवे गेले. आणि पडदा कोराच राहिला.

यंत्रावरचा माणूस बाहेर आला. सिनेमाच्या फाइलला कुलूप आहे, म्हणाला, आणि त्याची किल्ली फक्त तीन नंबरच्या यंत्रावर चालते. प्रत्येक पडद्याला वेगळी लागते. ती बनवून देणारं ऑफिस रविवारी बंद. मी धाकट्याकडे पाहिलं. चोरी होऊ नये म्हणून त्याने हौसेने कुलूप घालून घेतलं होतं. ज्या सिनेमाला फुकटातही कुणी हात लावत नव्हतं, त्याला कुलूप! राग आला, पण तो भिंतीला टेकून उभा होता आणि मला त्याला काही बोलवेना. तीन नंबरमध्ये निम्मेच लोक मावणार होते. उरलेले घरी गेले की संपलं.

तेवढ्यात आई पुढे जाऊन उभी राहिली. दुकानात शनिवारी झुंबड उडाली की ती जे म्हणते, तेच म्हणाली. "ज्यांना घाई आहे त्यांचं आधी. बाकीच्यांनी बसा, तुमचंही आजच मिळेल." मग लोकांना तिने असं वेगळं केलं की मॅनेजरही तिच्या हुकमात वागायला लागली. स्वतः मात्र मागे राहिली.

कोण उठतंय ते बघायला मी तीन नंबरमधल्या पहिल्या खेळाला आत बसले. कोटाचा भाग आला. हा मी घरी भांडी घासता घासता पाहिला होता, म्हणजे पाहिलाच नव्हता. आई कोटाचे खिसे उलटे करते, कॉलर झटकते, कात्री उचलते. मग कात्री खाली ठेवते आणि त्या कोटात तोंड खुपसून बसून राहते. खूप वेळ. त्यानंतर कापायला घेते. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मी रडले, सरळ सांगते.

आम्ही बाहेर आलो तर लॉबीतलं एकही माणूस हललेलं नव्हतं. आई पर्समधली सुई काढून कुणाचं तरी बटण लावत होती आणि मागे रांग लागली होती. सिनेमा बघून आलेल्या एका बाईने नुसता तिच्या खांद्याला हात लावला आणि ती निघून गेली. हिला काय झालं, असं आईने मला खुणेनेच विचारलं.

दुसऱ्या खेळाला आई बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धाकटा, तोच कोट घालून. कॅमेरा हातांवर आहे अशीच तिची समजूत होती, आणि आता सगळ्यांसमोर तिचा चेहरा येणार होता. ती चिडली तर? तो भाग आला. पडद्यावरच्या आईने कोटात तोंड घातलं, आणि शेजारच्या आईने अंधारात चाचपडत धाकट्याची बाही धरली. पडद्यावर कात्री चालली तरी तिने बाही सोडली नाही.

"हे कापायचं नाही," ती म्हणाली. दुकानात म्हणते तसं, खणखणीत. अख्ख्या हॉलने ऐकलं.

सोमवारी धाकट्याने वितरकाला नाही म्हणून कळवलं. मी गाडीत पेट्रोल भरून दुकानावर गेले. आई चिठ्ठ्या लिहीत बसली होती. सिनेमाचं नाव तिने सगळ्यांवर लिहून काढलं होतं. गावाच्या नावापुरती जागा सोडली होती.