दाबून धरा

कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून तो एक पाऊल दाराबाहेर पडला आणि मागे दार आपोआप लागलं. आत तीन वर्षांची ठमी एकटी होती, आणि गॅसवर तेल तापत होतं.

फोन खिशात सापडला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. कुलूप फोनवरूनच उघडायचं, आणि त्या ॲपमधलं बटण न् बटण कंपनीत त्यानंच ठरवलेलं. आता घराला किल्ली हवीच कशाला, असं बायकोला ऐकवणाराही तोच. त्यानं गोल बटण दाबलं. भोवतीचं वर्तुळ भरू लागलं, अर्ध्यावर आलं आणि रिकामं झालं. बोट हललं होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

फोन खिशात असतानाच धक्का लागून दारं उघडतात, अशी ओरड झाली तेव्हा त्यानंच ही युक्ती काढली होती. वर्तुळ पूर्ण भरेपर्यंत बटण दाबून धरायचं. चाचणीला बोलावलेली माणसं गार खोलीत ऐसपैस बसली, चहाचे घोट घेत त्यांनी बटणं दाबली आणि एकजात खूश होऊन गेली.

इथे मात्र त्याचा हात लटलटत होता. घामेजलेलं बोट काचेवर ठरेना. तो नुसता टकटक करत सुटला, तसा पडद्यावर हसरा चेहरा उमटला, ‘घाई नको! थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा.’ बटण विझलं. हे वाक्य गोड व्हावं म्हणून त्यानं आठवडाभर डोकं खाजवलं होतं.

“बाबा, धूर,” आतून ठमी म्हणाली.

“दाराशी ये. स्वयंपाकघरात जायचं नाही, ऐकलंस?” तो ओरडला, तशी ती रडायला लागली. रडणं दूर दूर जाऊ लागलं. मग थांबलंच. तो तिला हाका मारत दार बडवू लागला.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. “काय करायचंय ते सांग.”

“दाबून धरायचंय, काकू. मला जमत नाहीये.”

बटण पुन्हा उजळलं. तो फोन काही सोडेना, तेव्हा काकूंनी त्याचंच बोट बटणावर टेकवलं आणि वरून आपला अंगठा रोवला. दार उघडलं.

कढईतून काळा धूर निघत होता. त्यानं धावत जाऊन गॅस बंद केला. ठमी टेबलाखाली कान झाकून बसली होती. ती काकूंच्या कडेवर गेली, त्याच्याकडे काही केल्या येईना.

त्यानं साहेबांना फोन लावला. “साहेब, ते बटण आत्ताच्या आत्ता मागे घ्या.”

“अरे, चाचणीत एकही माणूस चुकला नव्हता.”

“त्यांच्यातलं कुणी घाबरलेलं नव्हतं, साहेब.”

उद्याच्या बैठकीत बघू, असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. ते बटण कालच घरोघरी पोचलं होतं. दार पुन्हा लागू नये म्हणून तो त्याला पाठ लावून उंबऱ्यात बसून राहिला. या घटकेला कुठल्यातरी बंद दाराबाहेर कुणीतरी त्या बटणावर असंच टकटक करत उभं असेल, या विचारानं त्यानं साहेबांना पुन्हा फोन लावला.