तळ्याकडचं दार

दिवेलागणीला मागचं दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात पाय पसरून बसायचं, हे कुठल्या गावचं वळण म्हणायचं? बसव्वानं देवापुढची वात सारखी केली, तेलाचं बोट डोक्याला पुसलं आणि मधला बोळ ओलांडून ती तळ्याकडच्या खोलीत थेट शिरली. भाडेकरणीच्या खोलीत जाताना हाक द्यावी, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण जी बाई स्वतःच रीत मोडून बसली आहे, तिच्यासाठी आपण का रीत पाळावी?

मथुराबाई दारातच होती. पुढ्यात सूत भरायचा रहाट, मांडीशी सुताच्या कांड्यांची टोपली, आणि पाय बाहेर बांधावर. समोर तळ्याच्या काठानं सगळं सोलापूर वारा खायला उतरलं होतं. भेळेच्या गाड्यांवर बत्त्या लागत होत्या, फुगेवाला पिपाणी वाजवत होता, सात रस्त्याकडून आलेले टांगे बांधाच्या तोंडाशी माणसं उतरवत होते.

"मथुरे."

रहाट थांबला. "या की, मावशी."

"या की म्हणं. माझ्याच घरात मला या म्हणतीस. दिवा लागला की पुढचं दार उघडं आन् मागचं बंद असतं, ठावं हाय का? पुढनं लक्ष्मी येती. का तुमच्या गावात ती आली की मागल्या दारानं वाटंला लावतात?"

"आमच्या गावात घराला एकच दार हुतं, मावशी. लक्ष्मीला दुसरी वाटच नव्हती."

उत्तर बसव्वाला आवडलं, म्हणून तिचा राग आणखी चढला.

"दात काढू नगंस. कडी लाव."

"लावती की." मथुराबाईनं पाय आत घेतले. "पर मी उगं न्हाय उघडत. रोज ह्याच टायमाला कुणीतरी दार वाजवतंय. उघडावं तर कुणी न्हाय. मग उघडलंच हाय तर म्हणलं, वारा तरी खावा."

"पोरं असतील. भेळ खायाला येत्यात आन् लोकांची दारं बडवत्यात."

"बडवत न्हाय, मावशी. बोटांनी वाजवतंय. हळू. आतलं माणूस निजलं आसंल तर उठू नये असं."

बसव्वाचा हात गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं तो खाली घेतला, जणू पदरच सारखा करायचा होता.

"कुणी का असंना. उघडायचं न्हाय. पुढनं या म्हणून सांगायचं. घर हाय हे, धर्मशाळा न्हाय. पटत नसंल तर दुसरी खोली बघा."

शेवटचं वाक्य मथुराबाईला बरोबर लागलं. दुष्काळात मोहोळकडचं गाव सोडून आल्यावर ती आणि तिचा नवरा धोंडीराम वर्षभर पत्र्याच्या शेडात राहिली होती. दुपारी पत्र्याखाली भाकरी चुलीवाचून भाजेल अशी आग. त्या मानानं ही खोली म्हणजे चैन होती. भिंती दगडाच्या, नळ बोळात, धोंडीरामची गिरणी चालत जायच्या अंतरावर, आणि तळ्याचा वारा. सोलापूरच्या उन्हाळ्यात या वाऱ्यासाठी माणसं कुठली कुठली ओळख काढून बसव्वाकडे खोली मागायला येत, आणि ती निम्म्यांना चेहरा बघूनच परत पाठवी.

मथुराबाईनं उठून दार लोटलं आणि कडी घातली. बाहेरची पिपाणी एकदम लांब गेल्यासारखी झाली.

बसव्वा परत आली आणि पुढच्या उंबऱ्यावर बसली. रोज दिवा लावला की ती तिथंच बसे. कुणाची सून डोक्यावरचा पदर विसरली, कुणाच्या नवऱ्याचे पाय वाकडे पडताहेत, कुणाच्या घरी पाहुणा आला आणि हात हलवत आला, हे सगळं ती तिथून बघे आणि बोलूनही दाखवी. गल्लीतल्या बाया म्हणत, बसव्वाची चौकी बसली. बसव्वाला ते माहीत होतं. तिला ते बरंच वाटे. ती तिथं गल्ली बघायला बसत नाही, असं कुणाच्या मनात येण्यापेक्षा ते बरं.

नऊ वर्षं झाली होती. तेव्हाही असाच मार्च होता, आणि तिनं नुकताच दिवा लावला होता.

तळ्याकडच्या दारावर बोटं वाजली होती. हळू. आणि आवाज आला होता, "अव्वा, बागला तगी." आई, दार उघड.

एकुलती एक लेक. नागम्मा. विजापूरकडे इंडीला दिलेली, लग्नाला दोन वर्षंही न झालेली. न्यायला कुणी गेलं नव्हतं, सोडायला कुणी आलं नव्हतं, आणि ती अशी आली होती, मागून, दिवेलागणीला. दाराच्या फटीतून बसव्वाला तिच्या हातातलं गाठोडं तेवढं दिसलं. काय झालं असेल ते त्या गाठोड्यावरून आईला कळायला नको होतं का? कळलं होतं. पण हात कडीपर्यंत जाऊन थांबला. दिवा लागलेला. या वेळेला मागची कडी तिच्या सासूनं कधी काढली नव्हती, तिनंही नाही. आणि दुसरं म्हणजे, तिची लेक म्हणजे काय चोर होती? तिच्या नवऱ्याची, गुरुबसप्पाची लेक माहेरी आली तर गल्लीतून, ताठ मानेनं, चार बायकांच्या देखत येईल. कोण काय बोलतं ते बघायला आई बसली आहे.

"मुंदिंद बा," ती आतून म्हणाली होती. पुढनं ये.

तेवढंच. आवाजात रागही नव्हता. मग तिनं लगबगीनं पुढं येऊन दार उघडलं, पाय धुवायला तांब्या भरून ठेवला, आणि उंबऱ्यावर बसून राहिली. बांधावरून वळसा घालून गल्लीत यायला किती वेळ लागतो? एक पान लावून होतं तेवढा. तिनं पान लावलं. गल्लीत बाया ओट्यांवर गप्पा मारत बसल्या होत्या. त्या सगळ्यांसमोरून गाठोडं घेऊन चालत यायचं, हे त्या पोरीला जमणार नव्हतं म्हणूनच ती मागून आली होती, हे बसव्वाच्या डोक्यात आलं तेव्हा गल्लीतल्या ओट्यांवरून एकेक बाई उठून आत गेली होती.

ती उठून मागं गेली. कडी काढली. बांधावर माणसंच माणसं होती, आणि नागम्मा नव्हती.

मग पुढचं सगळं रीतसर झालं. गुरुबसप्पा इंडीला जाऊन आला. तिथले म्हणाले, ती सोमवारीच माहेरी जाते म्हणून निघाली. बांगड्या विकणारी एक बाई म्हणाली, अशी एक पोरगी गाठोडं घेऊन पायऱ्यांवर बसलेली बघितली होती. पाण्यात गळ टाकले, पोहणारे उतरवले. काही मिळालं नाही. गुरुबसप्पानं सात खिळे मारून ते दार बंद केलं, आणि मरेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. त्याला इतकंच माहीत होतं की पोर घरापर्यंत पोचलीच नाही. बसव्वानं त्याला ते तसंच माहीत असू दिलं.

बहात्तरच्या दुष्काळात तळं पार मध्यापर्यंत आटलं. लोक चिखलातून चालत जाऊन जत्रा बघितल्यासारखं तळाशी काय आहे ते बघून आले. घागरी निघाल्या, फुटक्या मूर्ती निघाल्या, एका सायकलीचा सांगाडा निघाला. बसव्वा त्या उन्हाळ्यात रोज बांधावर जाऊन उभी राही. कुणी विचारलं तर म्हणे, पाणी कुठवर गेलं ते बघते. चिखल भेगाळला, भेगांत बोट जाईल इतका सुकला, आणि त्यातून तिचं काहीच वर आलं नाही. यावर हसावं की रडावं हे तिला कळेना. तळ्यात नाही, म्हणजे कुठंतरी आहे. कुठंतरी आहे, म्हणजे इतक्या वर्षांत तिला एकदाही यावंसं वाटलं नाही. ना माती देता आली, ना वाट बघणं सोडता आलं.

नवरा गेला, घरात एकटीचे आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा तिनं खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं. धोंडीरामनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मागचे खिळे काढू का, मावशी? वारा यील."

"वारा पायजे तर काढा," ती म्हणाली. आणि खिळे निघेपर्यंत पुढच्या खोलीत पाठ फिरवून उभी राहिली. प्रत्येक खिळा किंचाळून निघाला. सातही तिनं ऐकले.

त्या बोलाचालीच्या संध्याकाळनंतर तीन दिवस तळ्याकडची कडी लागलेली राहिली. बसव्वा बोळातून येता-जाता बघे. दार बंद दिसलं की तिला बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. तिनं मथुराबाईला नळाच्या पाळीवरून दोनदा टोचलं, केर कुठं टाकला म्हणून एकदा. मथुराबाई ऐकून घेई आणि रहाट फिरवी.

चौथ्या दिवशी दिवा लागल्यावर मथुराबाईच पुढं आली. हात सुताच्या धाग्यांनी भरलेले. उंबऱ्यापाशी बसव्वाच्या पायरीखाली बसली.

"मावशी, रागावू नगा. एक इचारायचं हाय."

"इचार की. पैशाचं सोडून काय बी इचार."

"तुमी सांगितलं तसं केलं मी. तीन दिस वाजलं तरी उठले न्हाय. आज लई येळ वाजत हुतं. म्हणून दाराजवळ गेले. बाईमाणूस हाय, मावशी. तरणी."

बसव्वा गल्लीकडेच बघत राहिली. समोरच्या ओट्यावरची मुलगी तांदूळ निवडत होती. बसव्वानं तिचे हात बघितले, सूप बघितलं, सुपातला एकेक दाणा बघितला.

"बोलली का काय?"

"बोलली. पर तुमची कानडी मला कुटं येती? अव्वा अव्वा करत हुती. आन् बागला तगी का काय म्हणली. दोनदा म्हणली. म्हंजे काय वो?"

नऊ वर्षांत हे शब्द बसव्वानं कुणापुढे उच्चारले नव्हते. नवऱ्यापुढे नाही, देवापुढे नाही. या मोहोळकडच्या बाईला ते कुणी शिकवले असते?

"तू काय म्हणलीस तिला?"

"तुमी सांगितलेलंच की. पुढनं या म्हणलं. मालकीण पुढं उंबऱ्यावरच बसलीया, तिकडनं या म्हणलं." मथुराबाईनं मालकिणीचा चेहरा बघितला आणि तिचा आवाज खाली गेला. "ब्येस बोलले की, मावशी. वंगाळ न्हाय बोलले."

"मग?"

"मग काय न्हाय. थोडा येळ उभीच हुती वाटतं. मग पाय वाजले. मला वाटलं हिकडं गल्लीत यील."

"आली न्हाय."

"न्हाय ना. पायऱ्यांकडं गेल्यागत वाटलं."

बसव्वा उठली. गुडघ्यांना हात लावून उठायची तिची सवय. आज हात लावला नाही. बोळातून, नळापाशी सांडलेल्या पाण्यातून, ती मथुराबाईच्या खोलीत गेली. दिव्याचा उजेड तिथवर येत नव्हता. अंधारात तिचा हात कडीवर सरळ पडला. कडी काढताना आवाज झाला तेवढाच.

दार उघडलं आणि बांधावरचा सगळा गलबला आत आला. भेळवाला ओरडत होता, कुणाचं तरी पोर फुगा फुटला म्हणून रडत होतं. तळ्याचं पाणी काळं झालं होतं आणि त्यात बत्त्या हलत होत्या. पायऱ्यांवर माणसं बसली होती, उजेडाकडे पाठ करून. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. बसव्वा दाराच्या मधोमध उभी होती. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण वाट अडवून उभ्या आहोत. ती भिंतीला सरकली. दार तिनं हातानं आणखी मागं लोटलं, पार भिंतीला टेकेपर्यंत.

मथुराबाई मागं येऊन उभी राहिली होती. धाग्यांनी भरलेले हात एकमेकांत धरून.

"मावशी, खोली सोडायची का आमी? ह्यास्नी सांगायला पायजे. गिरणीतनं येतील आता."

बसव्वा पायऱ्यांवरची नजर काढेना.

"माझं काय चुकलं असंल तर सांगा की," मथुराबाई म्हणाली.

बसव्वानं मान वळवली. आवाज नेहमीचाच होता, गल्लीला ऐकू जाईल असा.

"लई चुकलीस. मागल्या दारानं आलेल्या लेकीला पुढनं ये म्हणू नये, बाई. ती येत न्हाय."