मुफद्दलचे नातेवाईक

“हे सगळे तुमचे कोण लागतात?” तपासणीच्या बाईंनी दारातूनच विचारलं.

कुसकुसच्या परातीभोवती दहा माणसं जेवायला बसली होती. सगळ्यांचे हात थांबले. मुफद्दल उठला, अंगातल्या लांब जेलाब्याला हात पुसले आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, “नातेवाईक आहेत, बाई. बायकोच्या माहेरचे. या ना, बसा, दोन घास खा.”

वाक्य मीच त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. मी त्या बाईंच्या मागे पायरीवर उभा होतो, काखेत त्यांची फाइल धरून, आणि मनातल्या मनात अल्लाचा धावा करत होतो.

मी या मोहल्ल्याचा मुकद्दम. म्हणजे कोण जन्मलं, कोण मेलं, कुणी गच्चीवर चोरून भिंत घातली, हे सरकारला कळवणारा माणूस. लोक समोर सलाम करतात आणि पाठ वळली की शिव्या घालतात. सव्वीस वर्षांत कातडी निबर झाली आहे, आता लागत नाही. पण मुफद्दलने मला कधी शिवी दिली नाही. माझ्या आईच्या जनाज्याला पहिला खांदा त्याचा होता. आणि त्याच माणसाच्या घरात मी त्या दिवशी तपासणी घेऊन आलो होतो.

मुफद्दल हिवाळाभर बंदरावर जाळी दुरुस्त करायचा. उन्हाळा आला की खालचं घर समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं आणि नवराबायकोने वर गच्चीत पत्र्याखाली राहायचं. त्या तीन महिन्यांच्या भाड्यावर वर्षाचं पीठ, तेल आणि बायकोची, रहीमोची, साखरेची इंजेक्शनं चालायची. आमचं अर्धं गाव असंच जगतं. त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटलं नव्हतं.

यंदा मात्र नगरपालिकेची नोटीस लागली. सुट्टीसाठी घर भाड्याने द्यायचं तर आधी नोंदणी. आग विझवायचं नळकांडं हवं, पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती रोज चौकीत हव्यात आणि घर स्वतःच्या नावावर हवं. नोंदणीशिवाय सापडलात तर घराला सील आणि नाव कायमचं बाद. नळकांडं मुफद्दलने पहिल्याच आठवड्यात आणून जिन्यात टांगलं. पण घर होतं मेलेल्या बापाच्या नावावर. वारस सात. दोन बहिणी बेल्जियमला, एक भाऊ होडी घेऊन गेला तो परत आलाच नाही. त्याच्या मरणाचा दाखला कोर्टातून काढायचा म्हटला तरी दोन उन्हाळे गेले असते.

“वाटणीचा कागद तेव्हाच का नाही केलास रे?” मी त्याच्यावर खेकसलो होतो.

“बापाची माती ओली असताना बहिणींपुढे कागद धरू? लाज नाही वाटणार?” तो म्हणाला. कपाळ माझं! माझ्याही घराचा कागद नाही.

मग तपासणीच्या दोन दिवस आधी मीच त्याला वाट काढून दिली. “सांग, नातेवाईक आहेत. आपल्या माणसांना जेवू घालायला अजून तरी परवाना लागत नाही.”

“आणि सी जिलालींना काय सांगू?”

“हेच. विचारलं तर मुफद्दलच्या सासरचे आहोत म्हणा.”

सी जिलाली, म्हणजे जिलालीसाहेब, मेकनेस शहरातले निवृत्त मुख्याध्यापक. एकोणीस उन्हाळे ते मुफद्दलच्याच घरी भाड्याने उतरले. त्यांच्या मुली त्या जिन्यावर खेळून मोठ्या झाल्या, त्यांची लग्नं झाली, आता नातवंडं त्याच जिन्यावरून घसरतात. रहीमोला मूलबाळ नाही. ती मुलं तिला आजी म्हणतात.

“पाहुण्याला खोटं बोलायला सांगू?” मुफद्दल म्हणाला. “माझ्या छपराखाली? नाही जमणार, मुकद्दम. समजतील ते. शहाणा माणूस आहे. मी डोळ्यांनी सांगेन.”

आणि मी, गाढव, बरं म्हणून निघून आलो. मी स्वतः जाऊन त्या म्हाताऱ्याच्या कानात दोन शब्द घातले असते तर! आजही भाकरीचा घास तोडताना मला ते आठवतं आणि घास गोड लागत नाही.

तपासणीला शुक्रवारची दुपार निवडली होती, कारण नमाजानंतर कुसकुसला माणूस घरीच सापडतो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. रहीमो सगळ्यात धाकट्या नातीला मांसाचा मऊ तुकडा निवडून देत होती आणि ती पोरगी म्हणत होती, “आजी, चरबी नको, चरबी नको.”

बाईंना हसू आलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “कुटुंबच दिसतंय,” त्या म्हणाल्या. “जेवा तुम्ही. त्रास दिला.”

झालं होतं. सुटलो होतो. पण माणसाला सुटल्याचा आनंदही गप्प बसू देत नाही. मुफद्दलची जीभ सैल सुटली.

“कुटुंबच, बाई! एकोणीस वर्षं येतायत. इथेच राहतात, इथेच जेवतात. एक दिरहॅम घेतला असेल ना, तर हे हात झडोत माझे!”

परातीच्या पलीकडे सी जिलालींचा नवा जावई बसला होता. फेस शहरातल्या बड्या व्यापाऱ्याचा मुलगा, लग्नाला तीनच महिने झालेले. त्याने फक्त सासऱ्याकडे पाहिलं आणि ओठाच्या कोपऱ्यात हसला.

सी जिलालींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “मुफद्दल, काय बोलतोयस तू?”

मुफद्दलने डोळ्यांनी सांगितलं. खरंच सांगितलं. इतके डोळे फिरवले की ती धाकटी पोरगी खिदळायला लागली.

“एकोणीस वर्षं मी तुझ्याकडे फुकट खातोय?”

“तसं नाही, सी जिलाली...”

“मग कसं? पहिल्या दिवशी रहीमोबाईंच्या हातात पाकीट आधी, मग माझं सामान आत. हो की नाही?”

“अहो, चेष्टा करतोय तो,” मी मध्ये तोंड घातलं.

“तू थांब, मुकद्दम! बाई, लिहून घ्या. चाळीस वर्षं पोरांना शिकवलंय मी. आजवर कुणाच्या फुकटच्या अन्नावर जगलो नाही, आणि जावयासमोर तर नाहीच नाही.”

“या अल्ला,” रहीमो एवढंच म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. “मुकद्दम, तुम्ही ऐकलंत?”

मला अजूनही वाटतं, त्यांना माझ्या तोंडून ‘नाही’ असंच ऐकायचं होतं. पण माझ्या मागे नगरपालिकेचे दोन कारकून उभे होते आणि त्यांना कान होते. मी मान खाली घातली. मी भित्रा माणूस आहे. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

कागद भरून झाला तेव्हा सी जिलालींनी तो मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि मुफद्दलपुढे धरला. “सील? अरे, मला आधी का नाही सांगितलंस?”

“पाहुण्याला कसं सांगू?” मुफद्दल म्हणाला.

घराला दार एकच, गच्चीचा जिना आतूनच. त्यामुळे खालच्यांबरोबर वरच्यांनाही बाहेर पडावं लागणार होतं. बाईंनी एक तासाची सवड दिली. त्यांच्या हातात तेवढंच होतं. सी जिलाली मुफद्दलचे दोन्ही हात धरून म्हणत होते, “चल माझ्याबरोबर मेकनेसला, दोघं चला, माझ्या डोक्यावर तुमची जागा.” मुफद्दल म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” पुढचं वर्ष नाही, हे त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रहीमोने उरलेला कुसकुस पातेल्यात भरला, वर फडकं बांधलं आणि गाडीत धाकटीच्या मांडीवर ठेवला. जावई गाडीत बसला तो कुणाच्या नजरेला नजर न देता.

गाडी गेली. बाई गेल्या. माझी बायको रहीमोला हात धरून आमच्या घरी घेऊन गेली. मग मी दाराच्या फटीवर सीलचा कागद चिकटवायला घेतला.

“तिरका जातोय,” मुफद्दल म्हणाला. त्याने दुसरं टोक धरलं आणि तळव्याने कागद दाबून सपाट केला. “हं. आता लाव शिक्का.”

मी शिक्का मारला.

“घरी चल,” मी म्हटलं. “बायकोने चहा टाकलाय.”

“येतो. जरा बसतो.” त्याने पायरीकडे पाहिलं. “मुकद्दम, ही पायरी सीलच्या आत की बाहेर? बसलं तर चालतं ना?”

सव्वीस वर्षं मी लोकांना नियम सांगत आलो. याचं उत्तर मला माहीत नव्हतं. “बाहेर,” मी म्हणालो.

तो बसला. ताठ बसला, दारापासून पाठ वीतभर पुढे ठेवून. उन्हात उभं राहून माझेच पाय भरून आले, तरी त्याची पाठ काही मागे टेकेना.

“अरे, टेकून तरी बस.”

“नको,” तो म्हणाला. “कागद फाटला तर तुझ्यावर येईल.”