चिनी कायद्यांचा इंग्रजी ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ग्रंथ आहे. चीनचे कायदे इंग्रजीत सांगणं हा माझा धंदा. दोन भाषांतरकारांच्या भांडणातून माझा जन्म झाला. एकेका शब्दावरून ते आठवडाभर एकमेकांशी बोलत नसत. पुढे पाठीवर सोनेरी अक्षरं चढली आणि वकिलांच्या वाचनालयात मला दर्शनी कपाट मिळालं. "यात आहे म्हणजे आहेच," असं सगळे म्हणायचे. मीही फुगायचो. मग तिकडे कायदे बदलले. मला कुणी कळवलं नाही.

एकदा एक वकीलबाई आपल्या मामांना घेऊन आल्या. मामांचा स्वेटर विणायचा कारखाना. यंत्राचा मुख्य भाग त्यांनी दुरुस्तीला चीनमधल्या कंपनीकडे पाठवला, तो आणखी बिघडून परत आला. मामांनी रागाने अबोला धरला. पत्र नाही, फोन नाही. अबोल्याला दोन वर्षं उलटली. आता दावा लागला नाही, तर कारखान्याला कुलूप.

बाईंनी मला उघडलं आणि चेहरा पाडला. "मामा, दाव्याची मुदत दोनच वर्षं. संपली."

"एवढं जाड पुस्तक म्हणतंय, तर संपलीच असेल," म्हणत मामा उठले.

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, कुणीतरी माझ्यावर संशय घ्यावा!

मला मिटता मिटता बाईंची नजर प्रस्तावनेवर पडली. ती वाचणाऱ्या त्या पहिल्याच. 'मतभेद झाल्यास मूळ चिनी मजकूर ग्राह्य,' आणि खाली माझं छपाईचं वर्ष.

"मामा, बस खाली. हे पुस्तक तुझ्या लग्नाच्या वेळचं आहे."

"मग त्याचंही काही खरं नाही."

बाईंनी चीनच्या संसदेच्या संकेतस्थळावरचं इंग्रजी भाषांतर काढलं. दुसऱ्या एका कायदेसंग्रहातलं ताजं भाषांतर शेजारी ठेवलं. कायदा आज लागू आहे का, हेही पाहिलं. दोन्हीकडे मुदत तीन वर्षं! तरी तिथल्या एका वकिलाकडून मूळ चिनी कलम तपासून घेतलं, तेव्हाच त्या हसल्या.

"वेळ आहे, मामा. पण आता रुसायचं नाही."

"रुसलो कुठे? मी फक्त बोलत नव्हतो!"

दावा मुदतीत लागला. मामा आता तिकडे दर सोमवारी फोन करतात, समोरचा कंटाळेपर्यंत.

माझी बदली इतिहासाच्या कपाटात झाली. पूर्वी कायदा काय होता, हे विचारणारे येतात. ते मी ठामपणे सांगतो. मित्रांनो, आम्हा ग्रंथांना जपा, धूळ झटका, पानं दुमडू नका. आणि विश्वास टाकण्याआधी आमचं वय जरूर विचारा. आम्हाला राग येत नाही, उलट छातीवरचं ओझं उतरतं.