चित्रपटाच्या पायाशी

मित्रांनो, घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या एका अ‍ॅपवर प्रत्येक चित्रपटाच्या पायाशी मी बसलेला असतो. मी प्रतिक्रियांचा रकाना, या धंद्यात आता जुनाच म्हणायचा. मला घडवलं एका प्रोग्रामर बाईंनी. माझी राखण त्यांच्या शेजारी बसणाऱ्या ताईंकडे आली. कोणी शिवीगाळ केली की ताई ती पुसायच्या.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. एका जुन्या मारधाडीच्या चित्रपटाखाली एका मुलीनं लिहिलं, "छतावरून उडी मारतात ते माझे बाबा. नायक नव्हे." त्याखाली एका म्हाताऱ्या शिंप्यानं लिहिलं, "त्या उडीत फाटलेला सदरा मीच शिवला, पोरी. शिवून होईपर्यंत तुझे बाबा उघडेच हसत बसले होते." ताईंनी ते ऑफिसात वाचून दाखवलं. माझं कौतुक झालं.

पुढे माणसं कमी केली आणि ताईंना दुसऱ्या कामाला जुंपलं. मला वाली उरला नाही. त्याच सुमारास एका नवख्या नटीचा पहिला चित्रपट आला. कोणी तिच्या दातांवर लिहिलं, कोणी आवाजावर. बघता बघता सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. तिचा भाऊ उत्तरं देऊ लागला, तर आगीत तेलच पडलं. हातातला दुसरा चित्रपट तिनं सोडला. हे सारं माझ्याच अंगावर लिहिलेलं होतं, आणि मला ते पुसता येत नव्हतं.

ऑफिसातले साहेब म्हणाले, "रकाना काढून टाका. नसती ब्याद कशाला?"

"आधी तिला विचारू या," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला.

नटी म्हणाली, "काम वाईट झालंय असं लिहिलं असतं तर मी वाचलं असतं, ताई. पण यांतल्या किती जणांनी चित्रपट पाहिलाय?"

ताईंनी तपासलं. सुरुवातीची नावं संपायच्या आतच बहुतेकांनी तो बंद केला होता.

तेव्हापासून चित्रपट शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मी उघडत नाही. ताईही माझ्यापाशी परत आल्या. मित्रांनो, नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण आधी पूर्ण पाहा. ज्याच्याविषयी लिहाल, तोही वाचत असतो.

परवा त्याच चित्रपटाखाली एका आजोबांनी लिहिलं, "शेवटी तुम्ही जरा जास्तच रडलात."

नटीनं खाली उत्तर दिलं, "हो आजोबा, मलाही तसंच वाटलं. नव्या चित्रपटात सांभाळतेय."