ऋतुजाचा कप्पा

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो, आणि माझा एक कोपरा चेपलेला आहे. हात लावून बघू नका, नुसतं ऐका.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला, पण वळण नारायण पेठेतल्या दुकानाचं. तिथे बरेच दिवस काचेआड बसले होते, म्हणून तोंड जरा फटकळ आहे. मग एकदा कर्वेनगरचे आप्पासाहेब आले. पुण्यात जो तो कॉम्प्युटर शिकत होता आणि त्यांच्या शेताशेजारी भराभर इमारती उभ्या राहत होत्या. यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, हे कसं चालेल? मला कॅबिनेटमध्ये बसवून घरी नेलं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. काय तो थाट!

माझ्या पोटातली जागा सलग असते. तिचे कप्पे पाडावे लागतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. ते पाडले आप्पासाहेबांच्या ऋतुजाने. ती कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला अभ्यासासाठी लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक वेगळी प्रणाली, हवं होतं. मोठा कप्पा तिने वैजनाथ आणि ऋषी या भावांना दिला, छोटा स्वतःला ठेवला. लिनक्सला आणखी एक कप्पा लागतो, स्वॅप. कॉम्प्युटरला डोक्यात मावेनासं झालं की तो जादाचं ओझं तिथे आणून टाकतो, आणि गरज सरली की त्यावरच दुसरं टाकतो. तिथे कुणाचं काही टिकत नाही. तीही जागा ऋतुजाने आपल्याच वाट्यातून काढली. गुणाची पोर! तिच्या कप्प्यात तिचा प्रोजेक्ट होता. तो जमा झाला तर नोकरी बघायची, नाही झाला तर येईल त्या स्थळाला हो म्हणायचं, असं आप्पासाहेबांनी तिला बजावलं होतं.

भावांचं मात्र एका कप्प्यात पटेना. वैजनाथने गाणी भरली की ऋषीचे गेम मावत नसत. मग हा त्याची गाणी पुसायचा आणि तो याच्या मुस्काटात मारायचा. शेवटी आप्पासाहेब वैतागले.

"वाटनी करा एकदाची," ते म्हणाले. "थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. जमिनीला जी रीत, तीच हिला."

ऋतुजा कॉलेजात गेली होती. वैजनाथने कागदावर दोन वाटे पाडले, ऋषीने त्यातला एक उचलला. कॉम्प्युटरचा क्लास केलेला ऋषीच, म्हणून कीबोर्डवरही तोच बसला. त्याला आपल्या वाट्यातही लिनक्स घालायचं होतं आणि त्यासाठी मोठा स्वॅप हवा होता.

"स्वॅप कुठं टाकू? माझ्यातनं न्हाई देनार."

"माझ्यातनं बी न्हाई," वैजनाथ म्हणाला.

"ऋतुजाच्यात टाक की," आप्पासाहेब म्हणाले. "ती लगीन होऊन जायचीच हाय. पोरीला कुठला आलाय वाटा?"

पडद्यावर प्रश्न आला : इथलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? ऋषीने हो दाबलं. आपली गाणी आणि गेम दोघांनी आधीच मित्राच्या डिस्कवर उतरवून ठेवले होते, बरं का! तेवढी अक्कल होती. मग त्यांनी लिनक्स चालू करून एकदम चार गोष्टी उघडल्या, आणि कॉम्प्युटरने सगळा बोजा ऋतुजाच्या प्रोजेक्टच्या ओळींवर आणून टाकला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी नुसती करकरत राहिले.

तेवढ्यात वैजनाथने पडद्यावरचे आकडे वाचले. ऋषीने दोन कप्प्यांमधली रेघ हळूच सरकवली होती.

"बांध कोरतोस व्हय रं?" वैजनाथ ओरडला. त्याने ऋषीचं डोकं धरून माझ्या कॅबिनेटवर आपटलं. ओठ फाटला, रक्त कीबोर्डवर उडालं. ऋषीने स्टूल उचलून घातलं, ते वैजनाथच्या खांद्याला लागून पडद्यावर गेलं आणि काच फुटली. वैजनाथने टेबलच उलथलं. मी गरगर फिरत असतानाच जमिनीवर आदळले आणि माझ्या आतला वाचणारा काटा तबकडीवर घासत गेला. आई गं! त्या दिवसापासून मी मुकी आहे.

ऋतुजा दारात उभी होती.

"माझा प्रोजेक्ट कुठंय?" तिने विचारलं.

"पुन्ना लिही," आप्पासाहेब म्हणाले. "त्यात काय येवढं?"

तिने स्क्रू काढून मला बाहेर घेतलं आणि पिशवीत घातलं.

पुढच्या महिन्यात शेत मागणाऱ्या बिल्डरचे कागद आले. कायदा बदलल्यामुळे जमिनीत तिचंही नाव लागत होतं. आप्पासाहेबांनी पेन पुढे केलं. "सही कर. हक्क सोडला म्हनून."

तिने मला पिशवीतून काढून त्या कागदांवर आपटलं. "हिच्यातली माझी जागा पुसताना विचारलंत मला?"

आप्पासाहेबांनी अशी थोबाडीत ठेवून दिली की तिच्या कानातलं निखळून पडलं. वैजनाथने तिच्या मुठीत पेन कोंबलं आणि मनगट पिरगाळून हात कागदावर दाबला. तिचा दुसरा हात मोकळा होता, तो माझ्यावर पडला. तिने मला उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी त्याच्या बोटांवर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला. माझा कोपरा तेव्हा चेपला, टेबलाच्या कडेवर.

पेन गळून पडलं. वैजनाथ हात पोटाशी धरून ओरडत होता.

"नाही चालणार," ऋतुजा म्हणाली. तिच्या गालावर पाच बोटं उमटली होती. "आज विचारलंत, म्हणून सांगते. नाही चालणार."

तिने सही केली नाही. प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये बसून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला आणि नोकरीही मिळवली. आता मी तिच्या ऑफिसच्या टेबलावर असते. नवी मुलं मला हातात घेऊन विचारतात, ही चालते का? ती म्हणते, नाही.

मित्रांनो, कप्पे खुशाल पाडा, त्यावाचून माझं चालत नाही. पण पुसण्याआधी तो प्रश्न पुरता वाचा, आणि ज्याचं पुसलं जाणार आहे त्यालाच बोलावून उत्तर घ्या. त्या जमिनीच्या कागदांवर आज तिन्ही भावंडांचे तीन वाटे आहेत. वैजनाथची बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत.